आयसी ३८ मध्ये १६ मार्क पडले. पुन्हा बसायचंय, अभ्यास कसा करू?

औसा_ताई

नमस्कार. मी औसा तालुक्यातली. शिक्षण बारावी, तेही लग्नाआधीचं. गावात आठ वर्षांपासून बचत गटांचं काम बघते, अकरा गटांच्या वह्या माझ्याकडंच असतात. मागच्या सोमवारी लातूरला जीवन विम्याच्या एजंटची परीक्षा दिली, आयसी ३८. प्रश्न ५०, वेळ एक तास, पास व्हायला ३५ टक्के, म्हणजे १८ मार्क लागतात. मला १६ पडले.

मी ही परीक्षा का देतेय ते आधी सांगते, म्हणजे माझी घालमेल कळेल.

आमच्या गटातल्या एका बाईचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. सप्टेंबर होता, पावसानं ताण दिलेला. रात्रीच्या लाईटीवर सोयाबीनला स्प्रिंकलर लावायला गेला आणि पाइप उचलताना साप चावला. तेराव्यानंतर तिनं पत्र्याच्या पेटीतून कापड दुकानाची एक पिशवी काढून माझ्यासमोर ठेवली. आत पॉलिसी. पिशवीच्या घड्यांना हळद लागलेली, लग्नाच्या सामानाखाली जपून ठेवलेली होती ती. म्हणाली, "ताई, किती येतील वाचून सांगा." पाच लाखांची पॉलिसी होती. वर्षाचा हप्ता, पहिला तेवढा भरलेला. दुसरा जूनमध्ये होता आणि जूनमध्ये सगळा पैसा बी-खताला गेला. ज्यानं पॉलिसी काढून दिली तो माणूस पहिल्या हप्त्यानंतर गावात फिरकलाच नव्हता. पासबुक बघितलं, तर बँकेच्या ४३६ रुपयांच्या विम्याचेही पैसे कापलेले नव्हते, कारण मेच्या शेवटी खात्यात तेवढी शिल्लकच नव्हती. शेवटी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचा अर्ज मी बसून भरून दिला. पण पाच लाखांचा तो कागद तिच्या हातात परत देताना मला काय वाटलं ते मलाच माहीत. त्या दिवशी ठरवलं की गावात हे काम करणारं माणूस गावातलंच पाहिजे.

आता अडचण. ट्रेनिंगला साहेबांनी प्रश्नोत्तरांची झेरॉक्स दिली आणि एवढं पाठ करा म्हणाले. मी पहाटे चारला उठून वीस दिवस पाठ केलं. विमायोग्य हितसंबंध, परम सद्भाव, निकटतम कारण, सगळ्या व्याख्या तोंडपाठ. परीक्षेत व्याख्या फार थोड्या. बाकी सगळं 'अमक्यानं असं केलं, तर कोणतं तत्त्व लागू होईल' असं. मला ते शब्द येत होते, पण गोष्ट आणि शब्द जुळत नव्हते. पहिल्या पंधरा प्रश्नांतच निम्मा तास गेला. शेवटचे नऊ प्रश्न तर तसेच सोडले, चुकलं तर मार्क कापतील म्हणून.

पुन्हा बसायचं आहेच. मराठीतूनच देऊ का? तत्त्वं डोक्यात कशी बसवायची? आणि गणितं किती येतात?

मांजरा_काठ

ताई, सगळ्यात आधी एक. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. नऊ प्रश्नांना डोळे झाकून टिक केलं असतं तरी चार पर्यायांच्या हिशेबानं दोन बरोबर यायला हवे होते आणि तुम्ही आज पास असता. ट्रेनिंगमध्ये हे सांगायला हवं होतं, नाही सांगितलं याचं वाईट वाटलं.

पहिल्या फेरीत जे लगेच येतंय तेवढंच सोडवा. अडलं की एक अंदाजाचं उत्तर ठेवून पुढं जा, शेवटी वेळ उरला तर परत या. आणि कॉम्प्युटरची सवय नसेल तर आधी चार दिवस गावातल्या सेतू केंद्रात किंवा कुणाच्या घरी माऊस हातात धरून बघा. माझ्या वहिनीचा हात थरथरायचा, नको त्या गोलावर क्लिक व्हायचं.

बालाघाट७२

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी अंबाजोगाईकडचा, जन्म ७२ च्या दुष्काळातला, हे काम तीस वर्षांच्या वर करतोय. मागच्या वर्षी सुनेचा हाच अभ्यास मी घेतला. तिचंही तुमच्यासारखंच झालं होतं, व्याख्या पाठ आणि प्रश्न कळेना. मग आम्ही पुस्तक मिटलं आणि एकेका शब्दाला गावातली एकेक घडलेली गोष्ट बांधली. तुमच्याकडं अकरा गटांच्या वह्या आहेत, म्हणजे दीडशे घरं तुम्हाला आतून माहीत आहेत. या परीक्षेला यापेक्षा मोठं पुस्तक नाही. मी सांगतो त्या गोष्टी घ्या, नाहीतर तुमच्या स्वतःच्या घ्या, पण प्रत्येक शब्दाला एक घर पाहिजे.

जोखीम, आपत्ती आणि धोका वाढवणारी परिस्थिती, यात हमखास गोंधळ होतो. आमच्याकडं वेचणी झाली की कापूस घरातच ठेवतात, पुढच्या खोलीत पार आढ्यापर्यंत. पलीकडं चूल. आग लागणं ही आपत्ती, इंग्रजीत पेरिल म्हणतात ती. चुलीच्या शेजारी कापूस रचून ठेवणं ही धोका वाढवणारी परिस्थिती, म्हणजे हॅझर्ड. कापसानं आग लागत नाही, पण लागली तर घर वाचत नाही. हे चित्र डोळ्यांपुढं ठेवलं की प्रश्न कसाही फिरवून विचारू दे, तुम्ही चुकणार नाही. याच घराचा मालक चुलीजवळचा कापूस हलवतो ती जोखीम कमी करणं. कापूस घरात ठेवायचाच नाही, वेचला की विकला, ते जोखीम टाळणं. "जळला तर जळला, बघू" म्हणतो ते जोखीम स्वतःकडं ठेवणं. आणि विमा काढला तर ती दुसऱ्यावर सोपवणं.

विमा चालतो कसा हे तुम्ही गटात रोज करता. समजा ५०० गोठे आहेत, एकेक ४०,००० चा. वर्षाला साधारण दोन जळतात. नुकसान ८०,०००. पाचशे जणांत वाटलं तर माणशी १६० रुपये. १६० रुपये जाणं कुणालाही झेपतं, ४०,००० जाणं झेपत नाही. एवढाच सगळा खेळ. पण यात एक अट आहे आणि ती मी पुस्तकात शिकलो नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला भूकंप झाला तेव्हा मी २१ वर्षांचा. गावातल्या पोरांबरोबर ट्रकमध्ये बसून किल्लारीला गेलो होतो. तुम्ही त्याच तालुक्यातल्या, तुमच्या घरच्या थोरांना विचारा. अनंत चतुर्दशीला गणपती बुडवून लोक झोपले होते, पहाटे चारच्या आत सगळं संपलं. दगड-मातीच्या जाड भिंती माणसांवर आल्या. त्या दिवशी गावात कुणी कुणाला द्यायला उरलंच नव्हतं. एकाच गावानं आपसात वर्गणी काढली तर अशा रात्री ती वर्गणी कामाला येत नाही. म्हणून विमा कंपनीला लांब लांबची माणसं एकत्र लागतात, एकाचं गेलं तेव्हा दुसऱ्याचं शाबूत असावं म्हणून. आणि म्हणूनच कंपनी स्वतःचाही विमा पुढं उतरवते, त्याला पुनर्विमा म्हणतात. हे मी सुनेला सांगितलं तेव्हा तिला तो धडा पुन्हा वाचावा लागला नाही.

विमायोग्य हितसंबंध. जो माणूस किंवा जी वस्तू गेल्यानं माझं पैशाचं नुकसान होतं, त्याचाच विमा मी काढू शकतो. नवरा-बायको एकमेकांचा काढू शकतात. शेजाऱ्याच्या म्हाताऱ्याचा मी काढू शकत नाही. यात प्रश्न येतो तो वेळेचा. जीवन विम्यात हा संबंध पॉलिसी घेताना असावा लागतो. घर, गाडी, दुकान यांच्या विम्यात घेताना आणि नुकसान होताना, दोन्ही वेळा. सागरी विम्यात फक्त नुकसानीच्या वेळी. मोटारसायकल विकली आणि नंतर ती जळली, तर जुन्या मालकाला काही मिळत नाही, कारण त्याचं काही गेलंच नाही.

परम सद्भाव म्हणजे विचारलेलं आणि न विचारलेलंही महत्त्वाचं सगळं खरं सांगणं. बीपीची गोळी चालू आहे, लिहायचं. तंबाखू खातो, लिहायचं. आपल्याकडं फॉर्म भरताना "राहू द्या हो, कशाला लिहायचं" म्हणतात आणि तिथंच पुढच्या रडण्याचं बी पडतं. विमा कायद्याचं कलम ४५ पक्कं करा. तीन वर्षं झाल्यावर कोणत्याही कारणानं पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही. तीन वर्षांच्या आत लबाडी किंवा लपवाछपवी सापडली तर घेता येतो.

नुकसान भरपाईचं तत्त्व जीवन विम्याला लागत नाही, कारण माणसाची किंमत करता येत नाही. मालमत्तेला लागतं. एकाच दुकानाचा विमा एका कंपनीत दोन लाखांचा, दुसरीत एक लाखाचा. नुकसान झालं ६०,०००. दोघींकडून साठ-साठ मिळत नाहीत. एक ४०,००० देते, दुसरी २०,०००. हे अंशदान. आणि तुमच्या उभ्या ट्रॅक्टरला कुणी ट्रक घातला, कंपनीनं तुम्हाला भरपाई दिली, मग त्या ट्रकवाल्याकडून वसूल करायचा तुमचा हक्क कंपनीकडं जातो. हे प्रत्यासन.

निकटतम कारण. अपघात विमा असलेला माणूस रात्री मोटारसायकलवरून घसरून चारीत पडला, हलता येईना, रात्रभर पावसात भिजला, त्यातून न्यूमोनिया झाला आणि गेला. मेला न्यूमोनियानं, पण साखळी सुरू झाली पडण्यापासून. निकटतम कारण अपघात. तोच माणूस दवाखान्यात असताना आधीपासूनच्या हृदयविकारानं, पडण्याशी काही संबंध नसताना गेला, तर साखळी तुटली.

आता एजंटच्या कामाचं. पुस्तकात एजंटला प्राथमिक अंडररायटर म्हटलंय, म्हणजे या माणसाला विमा द्यावा की नाही हे सगळ्यात आधी पारखणारा, हे लक्षात ठेवा. त्या माणसाला समोरासमोर बघणारे तुम्हीच, हैदराबाद-मुंबईचा साहेब बघत नाही. वयाचा पुरावाही तुम्हीच बघणार. शाळेचा दाखला, जन्माची नोंद, पासपोर्ट हे मानक. जन्मपत्रिका, रेशनकार्ड, ग्रामपंचायतीचा दाखला, स्वतःचं प्रतिज्ञापत्र हे अमानक. आपल्याकडं माणसं "रझाकाराच्या वर्षाची" किंवा "दुष्काळातली" अशी वयं सांगतात, तिथं हे रोज लागतं.

विमा कायद्याचं कलम ४१ तर गावात पावलोपावली भेटेल. "पहिला हप्ता तुम्हीच भरा, मग काढतो" असं लोक हक्कानं म्हणतात. आपल्या कमिशनमधून सूट देणं कायद्यानं बंद आहे, दंड दहा लाखांपर्यंत. मार्कांसाठी पाठ करा आणि नंतरही पाळा. ज्याचा पहिला हप्ता दुसऱ्यानं भरला तो दुसरा हप्ता भरत नाही, हे मी इतक्या वेळा बघितलंय की मोजदाद सोडली.

आणि एक कायदा मी तुम्हाला मुद्दाम सांगतो, १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा. त्याच्या कलम ६ खाली नवऱ्यानं स्वतःच्या जिवावर बायको-मुलांच्या नावानं पॉलिसी घेतली, तर तो पैसा त्यांचाच. नवऱ्याच्या कर्जासाठी सावकार किंवा बँक त्याला हात लावू शकत नाही. आपल्या भागात कर्ज नाही असं घर सापडणं अवघड. पण फॉर्म भरतानाच त्याची पुरवणी जोडावी लागते, मागाहून होत नाही. नुसत्या नॉमिनीत ही ताकद नाही. नॉमिनी अज्ञान असेल तर पैसे घ्यायला एक सज्ञान माणूस नेमावा लागतो, त्यावरही प्रश्न येतो.

तुमच्या त्या गटातल्या बाईंचं वाचून मन खाल्लं. वार्षिक हप्ता जूनमध्ये ठेवणं हीच पहिली चूक होती. मी शेतकऱ्याची पॉलिसी शक्यतो दिवाळीच्या पुढं-मागं काढतो, माल विकून चार पैसे हातात आलेले असतात तेव्हा. पुढच्या सगळ्या हप्त्यांची तारीख मग तिथंच पडते.

गोदाकाठ_नांदेड

काकांनी एवढं सांगितलंय की मी फक्त राहिलेलं लिहिते. मी दुसऱ्या वेळी पास झाले, २९ मार्क.

मराठीतूनच द्या. पण वहीत प्रत्येक मराठी शब्दासमोर इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून ठेवा. समनुदेशन म्हणजे असाइनमेंट, समर्पण मूल्य म्हणजे सरेंडर व्हॅल्यू, पॉलिसी मधेच सोडली तर मिळणारे पैसे, पुनरुज्जीवन म्हणजे रिव्हायव्हल, बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू करणं. नुसतं समनुदेशन वाचून मला काही बोध व्हायचा नाही, असाइनमेंट म्हटलं की बँकेच्या कर्जाला पॉलिसी लावतात ते आठवायचं. असाइनमेंट झालं की आधीचं नॉमिनेशन रद्द होतं, फक्त विमा कंपनीकडूनच कर्ज घेतलं असेल तर होत नाही.

झेरॉक्स टाकून द्या. ज्या कंपनीतून बसताय तिथून पुस्तकाची चालू आवृत्ती मागा. जुन्या झेरॉक्समध्ये फ्री लुक, म्हणजे पॉलिसी हातात आल्यावर नको असेल तर परत करायची मुदत, १५ दिवस दिसेल, २०२४ पासून तो ३० दिवस झालाय. विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालाची मर्यादा ३० लाख दिसेल, ती आता ५० लाख आहे. आपल्या मराठवाड्याला लोकपालाचं पुण्याचं कार्यालय लागतं. ग्राहक आयोगाच्या रकमाही बदलल्यात, जिल्ह्याला ५० लाखांपर्यंत, राज्याला त्यापुढं दोन कोटींपर्यंत.

तारखा मोजक्या करा. विमा कायदा १९३८, एलआयसी १ सप्टेंबर १९५६, तेव्हा २४५ कंपन्या आणि सोसायट्या एकत्र आल्या. सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण १९७२ च्या कायद्यानं, विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या इर्डाचा कायदा १९९९.

गणितं सोपी असतात, तुम्ही गटाचं व्याज काढता त्यापुढं काहीच नाहीत. पेड-अप, म्हणजे हप्ते बंद केल्यावर उरणारी कमी झालेली विमा रक्कम, असं काढतात. २० वर्षांची पाच लाखांची पॉलिसी, सहा हप्ते भरून बंद केली. भरलेले भागिले भरायचे, गुणिले विमा रक्कम. ६ भागिले २० गुणिले पाच लाख, आले दीड लाख, वर तोवरचा बोनस असेल तर तो. दुसरं गणित माणसाच्या आर्थिक मूल्याचं. घराला वर्षाला १,२०,००० देतो आणि व्याजदर आठ टक्के धरला, तर १५ लाख. म्हणजे तो नसताना १५ लाखांच्या व्याजावर घर तसंच चाललं पाहिजे.

औसा_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. आठ दिवसांनी लिहितेय, पण बसून राहिले नव्हते. काकांचं ऐकून नवी वही केली. डाव्या पानावर शब्द, उजव्या पानावर गावातलं घर. निकटतम कारणाला आमच्या गल्लीतला एक अपघात लिहिला. अंशदानाला चौकातलं किराणा दुकान. परम सद्भावाला माझ्याच सासूबाई, त्या शुगरची गोळी पाहुण्यांपासूनही लपवतात. किल्लारीचं त्यांना विचारलं. त्या रात्री त्या अंगणात झोपल्या होत्या म्हणून वाचल्या, हे मला लग्नाला चौदा वर्षं होऊनही माहीत नव्हतं. दोन तास बोलत होत्या.

सराव परीक्षा मोबाइलवर घड्याळ लावून दिली. ५० पैकी ३१. कोरा एकही सोडला नाही. खरी तारीख पुढच्या गुरुवारची मिळालीय.

काका, एक विचारायचंय. सवलतीच्या दिवसांचा धडा वाचताना ती हळदीच्या पिशवीतली पॉलिसी पुन्हा मागून घेतली आणि तारखा लावून बघितल्या. हप्त्याची तारीख १८ जून. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत, म्हणजे १८ जुलैपर्यंत. तो गेला ९ सप्टेंबरला. समजा तो जुलैच्या दहा तारखेला गेला असता, तर मिळाले असते का?

बालाघाट७२

होय ताई. सवलतीच्या दिवसांत पॉलिसी चालूच असते. राहिलेला हप्ता वजा करून पूर्ण रक्कम मिळाली असती. महिन्याचा हप्ता असेल तर ही सवलत १५ दिवसांची असते, ते वेगळं लिहून ठेवा. आणि १८ जुलैनंतरही तो असताना कुणी येऊन सांगितलं असतं, तर थकलेला हप्ता व्याजासह भरून, तब्येतीचा कागद देऊन पॉलिसी पुन्हा चालू करता आली असती. अशा पारंपरिक पॉलिसीला पहिल्या चुकलेल्या हप्त्यापासून पाच वर्षांपर्यंत ती सोय असते. म्हणजे त्याच्याकडं जवळपास दोन महिने होते.

औसा_ताई

तिला हे सांगितलं नाही. सांगून आता काय होणार.

पण रविवारी गटाच्या बैठकीत सगळ्यांना घरातल्या पॉलिस्या घेऊन यायला सांगितलं. चौदा आल्या. कुणाची डब्यात, कुणाची देवघरात, एकीची गादीखाली. तिघींच्या बंद पडलेल्या निघाल्या, त्यातल्या दोन अजून पाच वर्षांच्या आतल्या आहेत. त्या दोघींना घेऊन बुधवारी औशाच्या शाखेत जातेय, एजंट व्हायची वाट न बघता. बाकी अकरा जणींच्या हप्त्याच्या तारखा गटाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लाल पेनानं लिहून घेतल्यात. अकरापैकी सात जूनमधल्या आहेत.